रिव्हर्स डीएनएस आणि मेल सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारे लोक कमी झालेत, पण संपलेले नाहीत. पतसंस्था, कॉलेजं, छोटे कारखाने, हट्टी मंडळी. त्यांचे जे प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. दाखल्यासाठी सगळीकडे एकच सर्व्हर घेतला आहे: नाव मेल.उदाहरण.कॉम, आयपी पत्ता २०३.०.११३.२५. हा पत्ता कोणाचाही नाही. २०३.०.११३ ने सुरू होणारे २५६ पत्ते आरएफसी ५७३७ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानकं आणि सल्ले देणारे, क्रमांक घातलेले कागद) २०१० मध्ये फक्त लेखांतल्या दाखल्यांसाठी बाजूला काढून ठेवले आहेत, त्यामुळे चुकून कोणाच्या दारात जाऊन पडायची भीती नाही.

रिव्हर्स डीएनएस म्हणजे नेमकं काय?

नेहमीचं डीएनएस, म्हणजे इंटरनेटची नावांची वही, नावावरून आकडा (आयपी पत्ता) सांगतं. रिव्हर्स डीएनएस आकड्यावरून नाव सांगतं. २०३.०.११३.२५ कोण, असं विचारलं की उत्तर यायला हवं: मेल.उदाहरण.कॉम. हे उत्तर ज्या नोंदीत असतं तिला पीटीआर रेकॉर्ड म्हणतात; नावावरून आकडा सांगणाऱ्या नोंदीला ए रेकॉर्ड. पीटीआर नसेल तर समोरचे सर्व्हर तुमचा मेल नाकारू शकतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

गंमत ही की यासाठी वेगळी यंत्रणा नाही. तेच डीएनएस वापरलं जातं, फक्त आकड्याला नावाचा वेष चढवून. २०३.०.११३.२५ चं होतं २५.११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.आर्पा, आणि मग या 'नावाचा' शोध घेतला जातो. आकडे उलटे का? आपण पाकिटावर पत्ता लिहितो तो घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा असा, लहानाकडून मोठ्याकडे. डीएनएसची नावंही तशीच: आधी यंत्र, मग संस्था, शेवटी कॉम किंवा इन. आयपी पत्ता मात्र जिल्ह्यापासून सुरू होतो आणि घर शेवटी येतं. दोन्ही एका दिशेला आणायचे तर एकाला उलटं वाचावंच लागतं.

हे सगळं नोव्हेंबर १९८७ च्या आरएफसी १०३५ पासून असंच आहे. 'आर्पा' हे ज्या अमेरिकन संरक्षण संशोधन संस्थेच्या पैशातून नेटवर्क उभं राहिलं तिचं जुनं नाव. नंतर त्या अक्षरांना पत्ते आणि मार्गांशी संबंधित नवा अर्थ चिकटवला गेला, पण शेपटी तीच राहिली.

एक गोष्ट मात्र आत्ताच पक्की करून घ्या. नावावरून आकडा आणि आकड्यावरून नाव या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीत लिहिलं म्हणून दुसरीत आपोआप उमटत नाही. पुढचे निम्मे प्रश्न यातूनच येतात.

डोमेनच्या पॅनेलमध्ये पीटीआर टाकला. दोन दिवस झाले, दिसत नाही. का?

कारण ती वही तुमची नाही. उदाहरण.कॉम तुम्ही विकत घेतलं, त्यातल्या नोंदी तुमच्या हातात. पण २०३.०.११३.२५ हा पत्ता तुम्ही भाड्याने वापरताय. फ्लॅटच्या दारावर हवी ती पाटी लावा; खाली जिन्यापाशी जो नावांचा फलक आहे, त्याची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते. पीटीआर त्या फलकावर असतो.

किल्ली वरून खाली कशी येते ते पाहा. २०३ ने सुरू होणारा सगळा गट आशिया-पॅसिफिकची नोंदणी पाहणाऱ्या, ब्रिस्बेनमधल्या एपनिककडे आहे. भारतातल्या अनेक कंपन्यांना पत्ते मिळतात ते एपनिकच्या छत्राखाली निक्सी चालवत असलेल्या आयआरआयएनएन या राष्ट्रीय नोंदणीकडून. तिथून पत्त्यांचा गट इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे येतो, आणि त्या गटाचा रिव्हर्स झोन (आकड्यावरून नावाची वही) कोणाच्या नेमसर्व्हरवर, म्हणजे डीएनएसची उत्तरं देणाऱ्या यंत्रावर, आहे याची नोंद वरच्या पायरीवर होते. म्हणजे पीटीआर टाकू शकते ती तुमची आयएसपी (इंटरनेट देणारी कंपनी) किंवा होस्टिंग कंपनी. तुम्ही तुमच्या पॅनेलमध्ये कितीही पीटीआर लिहिलेत, तरी विचारणारा तिथे येतच नाही.

क्लाउडवरचा सर्व्हर भाड्याने घेतला असेल तर बहुतेक ठिकाणी आयपीच्या पानावरच 'रिव्हर्स डीएनएस' असा रकाना असतो. भरला की झालं. काही ठिकाणी आधी फॉर्म भरून मागावं लागतं. लीज लाइन असेल तर तिकीट टाकावं लागतं, आणि इथेच माणसं अडकतात. पहिल्या फळीतला पोरगा 'सर, आमच्याकडून लाइन ओके आहे' म्हणून तिकीट बंद करतो. त्याची चूक नाही. त्याला हा प्रश्न वर्षातून एकदा येत असेल. म्हणून मेलमध्ये गोष्ट न सांगता एवढंच लिहा:

'आमच्या खात्यावरील स्थिर आयपी २०३.०.११३.२५ साठी पीटीआर रेकॉर्ड मेल.उदाहरण.कॉम असा करावा. या नावाचा ए रेकॉर्ड याच आयपीवर आधीच केलेला आहे. कृपया ही विनंती डीएनएस किंवा आयपी अ‍ॅडमिन विभागाकडे पाठवावी.'

शेवटचं वाक्य विसरू नका. सगळी जादू त्याच्यात आहे.

आमच्याकडे आठ पत्त्यांचा गट आहे. रिव्हर्स झोन आमच्याच सर्व्हरवर घेता येईल का?

येईल, आयएसपी तयार असेल तर. इन-अ‍ॅडरची रचना ठिपक्यांवर तुटते, म्हणून सरळ वाटणी २५६ पत्त्यांच्या गटापर्यंतच होते. त्याहून लहान गटासाठी मार्च १९९८ च्या आरएफसी २३१७ मध्ये एक युक्ती दिली आहे: आयएसपी तुमच्या प्रत्येक आकड्यासमोर सीनेम टाकून ठेवते, तो तुमच्या झोनकडे बोट दाखवतो आणि खरा पीटीआर तुम्ही लिहिता. युक्ती चांगली आहे. पण आठ पत्त्यांपैकी मेल एकाच पत्त्यावरून जात असेल, तर हा खटाटोप करू नका. एक तिकीट टाकून मोकळे व्हा.

पीटीआरमध्ये नाव कोणतं द्यायचं?

मेल पाठवणाऱ्या यंत्राचं नाव, आणि तेच नाव जे सर्व्हर ईएचएलओमध्ये, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या रामरामात, सांगतो. 'स्टॅटिक-२०३-०-११३-२५' असं काहीतरी आयएसपीने आधीच टाकलेलं असतं. तांत्रिकदृष्ट्या तोही पीटीआरच, पण असं आकड्यांनी भरलेलं नाव दिसलं की समोरचा फिल्टर 'हे कोणाचं तरी साधं कनेक्शन दिसतंय' म्हणून कान टवकारतो. ते बदलून घ्या.

मग 'फॉरवर्ड कन्फर्म्ड' हे काय प्रकरण आहे? नुसता पीटीआर पुरत नाही?

नाही पुरत, आणि कारण सोपं आहे. रिव्हर्सची वही ज्याच्या हातात, तो तिच्यात काहीही लिहू शकतो. माझ्या मालकीच्या आयपीसमोर मी एखाद्या मोठ्या बँकेचं नाव लिहिलं, तर डीएनएस मला अडवणार नाही. फलकाची किल्ली माझ्याकडे आहे ना.

म्हणून तपासणारा दोन पावलं टाकतो. आधी आकड्यावरून नाव काढतो: मेल.उदाहरण.कॉम. मग त्या नावावरून परत आकडा काढतो. परत २०३.०.११३.२५ आला, तर आकड्याचा मालक आणि नावाचा मालक दोघंही एकमेकांना ओळखतात असं मानायचं. बँकेचं नाव मी चोरलं असतं, तर दुसऱ्या पावलाला बँकेच्या वहीत माझा आकडा सापडला नसता.

हे शहाणपण मेलच्या जगाने फुकट मिळवलेलं नाही. पूर्वी युनिक्स यंत्रांवर आरलॉगिनसारख्या सोयी होत्या. ओळखीच्या यंत्रावरून आलात तर पासवर्ड मागायचाच नाही, अशी व्यवस्था. आणि 'ओळखीचं' कसं ठरवायचं? येणाऱ्या आयपीचा पीटीआर बघून! स्टीव्हन बेलोविन यांनी हे भोक दाखवणारा लेख १९९० मध्ये लिहिला, आणि तो इतका धोक्याचा वाटला की १९९५ पर्यंत प्रसिद्धच केला नाही. उलटतपासणीची सवय त्या काळातली.

पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये काही पाहुण्यांच्या नावाच्या जागी 'अननोन' दिसतं ते याचसाठी. लोकांना वाटतं की पीटीआर नाही म्हणून अननोन. तसंच असेल असं नाही. पीटीआर आहे पण परतीचा रस्ता जुळत नाही, तरीही पोस्टफिक्स 'अननोन'च लिहितो. लॉगमध्ये एक ओळ वर पाहा. अमुक नाव तमुक पत्त्यावर जात नाही, असा इशारा तिथे असतो.

पण एसएमटीपीच्या (सर्व्हरांनी एकमेकांना मेल पोचवायच्या पद्धतीच्या) मानकात असं कुठे लिहिलंय? मी तर वाचलं की नाव जुळलं नाही म्हणून मेल नाकारता येत नाही.

हा माझा आवडता प्रश्न, कारण विचारणारा अर्धा बरोबर असतो.

एसएमटीपीचं पहिलं रूढ मानक जॉन पोस्टेल यांनी लिहिलेलं आरएफसी ८२१, ऑगस्ट १९८२. तेव्हा डीएनएस अजून आकाराला यायचं होतं, त्यामुळे पीटीआरचा प्रश्नच नव्हता. १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये हेलोबद्दल (ईएचएलओचं जुनं रूप) नियम आला: समोरच्याने सांगितलेलं नाव त्याच्या आयपीशी जुळतं का ते हवं तर तपासा, पण जुळलं नाही म्हणून मेल नाकारू नका. आज लागू असलेल्या आरएफसी ५३२१ मध्येही, म्हणजे ऑक्टोबर २००८ च्या मजकुरात, हे वाक्य आहे. 'मस्ट नॉट', असं कॅपिटल अक्षरांत.

लोक इथे पान मिटतात. पुढचं वाक्य वाचा: ही बंदी फक्त नाव आणि आयपी जुळवण्यापुरती आहे. आणि मागे, सुरक्षेच्या प्रकरणात ७.९ या कलमात, मेल स्वीकारणाऱ्याला चालवण्याच्या किंवा तांत्रिक कारणासाठी मेल नाकारायची मोकळीक दिलेली आहे. दार माझं, कोणाला आत घ्यायचं ते मी ठरवणार. पीटीआर नसलेल्या आयपीकडून मेल घ्यायचंच, असं मानक कुठेही म्हणत नाही. पीटीआर असलाच पाहिजे, असंही एसएमटीपीचं मानक म्हणत नाही. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१२ मध्ये मात्र डीएनएस चालवणाऱ्यांना स्पष्ट सल्ला आहे: इंटरनेटवरून पोचता येणाऱ्या प्रत्येक यंत्राला नाव असावं, आणि पीटीआर व ए रेकॉर्ड एकमेकांशी जुळावेत. तो सल्ला आहे, हुकूम नाही.

मधली जागा मोठ्या मेल कंपन्यांनी भरली. स्पॅमसाठी ताब्यात घेतलेली घरगुती यंत्रं बहुधा पीटीआरविना किंवा आकडेवजा पीटीआरची असतात, त्यामुळे ही चाळणी स्वस्त आणि परिणामकारक ठरली. सप्टेंबर २०१४ मध्ये आरएफसी ७३७२ ने 'रिव्हर्स डीएनएस तपासणी फसली' यासाठी ५.७.२५ असा स्वतंत्र कोडच दिला. म्हणजे मानकांनी नाकारण्याची आज्ञा केली नाही, पण नाकारताना काय म्हणायचं ते शिकवलं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी जे नियम लागू केले त्यांत जुळणारे फॉरवर्ड आणि रिव्हर्स डीएनएस ही अट सरसकट सगळ्यांना आहे, दिवसाला दहा मेल पाठवणाऱ्यालाही.

तेव्हा कागदावर तुम्ही बरोबर. पण आरएफसीचं कलम दाखवून बाउन्स (नाकारल्याचा निरोप) परत फिरवलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं डोमेन आणि पीटीआरचं डोमेन एकच लागतं का?

नाही. नाही. नाही.

हा गैरसमज इतका पसरला आहे की सल्लागार लोक त्याच्यावर बिलं फाडतात. पीटीआर यंत्राची ओळख सांगतो, पत्र लिहिणाऱ्याची नाही. एका सर्व्हरवरून चाळीस डोमेनांची मेल जाऊ शकते. पीटीआर एकच, मेल.उदाहरण.कॉम. कुरिअरच्या गाडीवर कुरिअर कंपनीचं नाव असतं, आतल्या प्रत्येक पाकिटावरच्या माणसाचं नसतं. पत्र लिहिणाऱ्याचं डोमेन तपासायला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क आहेत.

याच कारणाने एका आयपीला चाळीस पीटीआर देऊ नका. डीएनएस आडकाठी करत नाही, पण तपासणारा कोणता उचलेल याचा भरवसा नाही. एक आयपी, एक पीटीआर.

ईएचएलओ म्हणजे काय, आणि त्यात काय चुकतं?

दोन सर्व्हर भेटले की आधी रामराम होतो. समोरचा २२० म्हणून (असे आकडे म्हणजे त्याची ठरलेली उत्तरं) आपलं नाव सांगतो. तुमचा सर्व्हर म्हणतो 'ईएचएलओ मेल.उदाहरण.कॉम'. समोरचा २५० म्हणतो, काय काय जमतं याची यादी देतो. मग मेल फ्रॉम, आरसीपीटी टू, डेटा, ३५४, मजकूर, एका ओळीत एकटा ठिपका, २५०, क्विट. बस, मेल गेला. १९८२ पासून मूळ चाल हीच आहे. ईएचएलओच्या जागी तेव्हा हेलो होतं एवढाच फरक.

मानक सांगतं की ईएचएलओमध्ये पूर्ण, डीएनएसमध्ये सापडणारं नाव द्या. नाव नसेलच तर चौकटी कंसात आयपी पत्ता द्या. प्रत्यक्षात काय दिलेलं असतं? 'लोकलहोस्ट.लोकलडोमेन'. किंवा विंडोज सर्व्हर बसवताना कोणीतरी ठेवलेलं 'सर्व्हर०१.ऑफिस.लोकल'. पीटीआर अगदी नीट, ए रेकॉर्ड नीट, आणि सर्व्हर दारात उभा राहून स्वतःचं नाव भलतंच सांगतोय. ईएचएलओचं नाव, पीटीआर आणि ए रेकॉर्ड ही तिन्ही एकसारखी ठेवा, निम्मी डोकेदुखी जाते.

आणखी एक: समोरचा रिव्हर्स शोध घेतो तो बहुतेक वेळा २२० म्हणायच्याही आधी, जोडणी आल्या आल्या. तुमच्या आयएसपीचा रिव्हर्स नेमसर्व्हर मेलेला असेल तर समोरचा उत्तराची वाट पाहत बसतो आणि तुम्हाला वाटतं त्यांचा सर्व्हर स्लो आहे. मानकाप्रमाणे तुमच्या सर्व्हरने २२० साठी पाच मिनिटं तरी धीर धरायला हवा. दहा सेकंदांत फोन आपटणारी घरगुती स्क्रिप्ट वापरत असाल तर ती आधी बदला.

कालपर्यंत सगळं चालत होतं. काहीच बदललं नाही, आणि आज जीमेल ५५० (कायमचा नकार) देतोय!

'काहीच बदललं नाही' हे वाक्य मी आता अंगाई ऐकावं तसं ऐकतो.

नाशिकजवळच्या एका कारखान्यातला किस्सा. सोमवारी सकाळी अकाउंट्समधल्या ताईंचा फोन: पन्नास इनव्हॉइस पाठवली, त्यांतली तीसेक परत आली. सर्व्हर मीच बसवलेला, पीटीआर मीच करून घेतलेला. डिग (डीएनएस तपासायची आज्ञा) मारून पाहिलं, जुळतंय. ईएचएलओ पाहिलं, जुळतंय. अर्धा तास मी डीएनएसलाच शिव्या देत होतो. शेवटी बाउन्स मेल नीट, शब्द न् शब्द वाचला. ५.७.२५ च्या पुढे समोरच्याने आयपी लिहिलेला होता, आणि तो आमचा नव्हताच. शनिवारी रात्री पावसात लीज लाइन पडली होती, फायरवॉलने शहाण्यासारखं दुसऱ्या ब्रॉडबँडवर गाडं वळवलं, आणि लाइन परत आल्यावर गाडं परत वळवायचं विसरला. मेल दुसऱ्याच आयपीवरून जात होता. तिथे पीटीआर होता तो आयएसपीचा, आकड्यांनी भरलेला, आणि परतीचा रस्ता नसलेला.

तेव्हापासून फायरवॉलमध्ये नियम घातला: मेल सर्व्हरचं पोर्ट २५ (सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलचं दार) फक्त लीज लाइनवरून. ती पडली तर मेल क्यूमध्ये थांबेल. थांबू दे. मानकाप्रमाणे सर्व्हरने चार-पाच दिवस तरी प्रयत्न करत राहायचं असतं, दोन प्रयत्नांत निदान अर्धा तास सोडून. चुकीच्या दारातून जाऊन कायमचा नकार घेण्यापेक्षा दोन तास उशीर परवडतो.

धडा छोटा आहे: बाउन्समध्ये लिहिलेला आयपी आधी वाचा. तुम्हाला वाटतो तो आयपी आणि जगाला दिसतो तो आयपी यांत एनएटी (आतला पत्ता बदलून बाहेरचा लावणारी व्यवस्था) बसलेला असतो.

आयपीव्ही६ चालू केल्यापासून काही मेल परत येतात.

वरचीच गोष्ट, नव्या कपड्यांत. सर्व्हरला आयपीव्ही६, म्हणजे नव्या लांबलचक पद्धतीचा, पत्ता मिळाला की तो बऱ्याचदा त्यावरून जायचा प्रयत्न करतो, आणि त्या पत्त्याला पीटीआर टाकायचं कोणाच्या लक्षात नसतं. जीमेल तर आयपीव्ही६ वर पीटीआरबाबत २०२४ च्या कितीतरी आधीपासून कडक आहे.

आयपीव्ही६ चा पीटीआर आयपी६.आर्पा या शेपटीखाली असतो. पत्त्याचा प्रत्येक हेक्स आकडा सुटा, उलटा, मध्ये ठिपका; एकूण बत्तीस आकडे. हाताने लिहायला जाऊ नका, एक शून्य हमखास सुटतं. आयएसपी पीटीआर देत नसेल तर जाणारी मेल फक्त आयपीव्ही४ वरून पाठवा, पोस्टफिक्समध्ये एका ओळीचं काम आहे. त्यात कमीपणा काही नाही.

येणाऱ्या मेलसाठी मीही हीच अट लावू का?

लावा, पण सौम्य. पोस्टफिक्समध्ये दोन पायऱ्या आहेत. 'रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम' फक्त पीटीआरच नसलेल्यांना थांबवते. 'रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेम' ही परतीचा रस्ता न जुळणाऱ्यांनाही थांबवते. पहिली बहुतेकांना चालते. दुसरी लावलीत की आठवड्याभरात एखाद्या पुरवठादाराचं कोटेशन अडकतं आणि साहेब तुम्हाला बोलावतात. मी दुसरी लावत नाही. न जुळणाऱ्यांना स्पॅमचे दोन गुण जास्त देतो आणि बाकी फिल्टरवर सोडतो.

नाकारायचंच तर ५५० ऐवजी ४५० द्या. ५ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे 'परत येऊ नकोस', ४ ने सुरू होणारं म्हणजे 'नंतर ये'. समोरच्याचा नेमसर्व्हर तासभर बंद पडला एवढ्यासाठी त्याचं पत्र कायमचं परत पाठवणं बरं दिसत नाही. पोस्टफिक्सही मुळात या नकारासाठी ४५०च देतो.

एसपीएफमध्ये 'पीटीआर' लिहायची सोय आहे, ती वापरू का?

नको. एप्रिल २०१४ च्या आरएफसी ७२०८ नेच ती वापरू नका असं सांगितलं आहे: संथ, बेभरवशाची, आणि आर्पाच्या नेमसर्व्हरांवर ओझं. सरळ आयपी४ लिहून आपला पत्ता द्या.

पीटीआर, ईएचएलओ, सगळं जुळतंय. तरी मेल स्पॅममध्ये जातो.

पीटीआर हे लग्नाचं निमंत्रण नाही, फक्त गेटवरची नोंद आहे. ती नसेल तर आत सोडत नाहीत. असली म्हणून पहिल्या पंगतीला बसवतील असं नाही. डीकेआयएमची सही आहे का, एसपीएफमध्ये हाच आयपी आहे का, ते पाहा. जीमेलला दिवसाला पाच हजारांपेक्षा जास्त मेल जात असतील तर एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही, शिवाय डीमार्क, आणि जाहिरातवजा मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोय लागते. लोकांनी स्पॅम म्हणून कळवण्याचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायचं.

आणि आयपी काळ्या यादीत नाही ना, हेही पाहा. या याद्याही डीएनएसवरच चालतात आणि तिथेही आकडे उलटेच लावतात: २५.११३.०.२०३ आणि पुढे यादीचं नाव. उत्तर १२७ ने सुरू होणारं आलं की तुम्ही यादीत आहात. आधीच्या भाडेकरूचे पराक्रम बऱ्याचदा तुमच्या आयपीला चिकटलेले असतात.

घरच्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर चालेल का?

मेल यायला कदाचित. पाठवायला नाही. आयपी बदलता असतो, बऱ्याचदा शंभर घरांत वाटलेला असतो, पोर्ट २५ बंद असतं आणि पीटीआर कोणी देत नाही. अशा वेळी पोर्ट ५८७ वरून लॉगिन करून एखाद्या रिले सेवेकडे मेल सोपवा. मग तुमचा पीटीआर कोणी विचारत नाही, रिलेचा विचारतात.

तपासायचं कसं?

लिनक्सवर डिग आणि त्याला '-एक्स' जोडून आयपी. विंडोजवर एनएसलुकअप आणि आयपी. जे नाव येईल ते परत त्याच हत्याराला द्या. तोच आयपी यायला हवा. ऑफिसच्या आतून तपासलंत तर ऑफिसचा डीएनएस लाडाने भलतं उत्तर देऊ शकतो, म्हणून मोबाइलच्या इंटरनेटवरूनही एकदा पाहा.

सगळ्यात खात्रीचा मार्ग मात्र वेगळा. सर्व्हरवरून स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा आणि तिथे मूळ मेल उघडा. 'रिसीव्हड' या ओळीत आधी येतं ते तुमच्या सर्व्हरने ईएचएलओत सांगितलेलं नाव. त्यापुढे कंसात येतं ते जीमेलने स्वतः काढलेलं नाव, आणि चौकटी कंसात आयपी. तिन्ही गोष्टी एका ओळीत, समोरच्याच्या डोळ्यांनी पाहिलेल्या.

आमचं डोमेन .भारत आहे, देवनागरीत. पीटीआर देवनागरीत द्यायचा का?

डीएनएसच्या वहीत देवनागरी नाव साठवलं जातं ते त्याच्या रोमन रूपात, 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या. पीटीआरमध्ये तेच द्या. ईएचएलओमध्येही तेच, आणि तिथे तर पर्यायच नाही: समोरच्याला देवनागरी पत्ते कळतात की नाही हे तो ईएचएलओच्या उत्तरात सांगतो, मग त्याच्या आधी देवनागरीत बोलणार कसं? आरएफसी ६५३१ ने म्हणूनच ईएचएलओ रोमनमध्ये बांधून टाकलं आहे. त्यानंतर पत्ता खुशाल देवनागरीत लिहा, समोरचा हो म्हणाला असेल तर. मी मात्र यंत्राला साधं .इन किंवा .कॉमचं नाव देतो आणि देवनागरी डोमेन पत्त्यापुरतं ठेवतो. रात्री दोन वाजता लॉग वाचायची वेळ आली की नाव ओळखू यायला हवं.

आयएसपीने पीटीआर बदलला म्हणून कळवलं, पण अजून जुनंच नाव येतंय.

जुनं उत्तर कोणाच्या तरी कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) आहे. डिगच्या उत्तरात नावापुढे जो आकडा असतो, तितके सेकंद ते उत्तर जगेल. ८६४०० असेल तर पूर्ण दिवस. परत डिग मारा, आकडा कमी होत जाताना दिसेल. तो शून्यावर येऊन पुन्हा मोठा झाला आणि नाव जुनंच राहिलं, तर मात्र बदल झालेलाच नाही. तिकीट पुन्हा उघडा.